स्कूटरचे एंजिन टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक : पुराव्यांचे बलाबल

आपल्याकडील स्कूटरचा इतिहास बहुधा गाड्यांच्या नावांच्या आधारे सांगितला जातो. परंतु नाव हा दुबळा पुरावा होय. बजाज कंपनीने १९७२ मध्ये महाराणा प्रतापांच्या अश्वाचे नाव देऊन ‘चेतक’ काढली, तेव्हा तिचे एंजिन टू-स्ट्रोक होते. पुढे त्याच नावाची फोर-स्ट्रोक गाडी निघाली. आणि २०२० मध्ये विक्रीस आलेली ‘चेतक’ विजेवर चालणारी असल्याने तिला एंजिनच नाही. यास्तव जुन्या गाडीच्या एंजिनाचा प्रकार यंत्रावरूनच निश्चित केला पाहिजे.

दोहोंतील मूळ भेद असा. दट्ट्याची सिलिंडरातील एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची धाव म्हणजे स्ट्रोक. निकोलाउस ओटो याने १८७६ मध्ये सिद्ध केलेल्या एंजिनात शोषण, संपीडन, ज्वलन व उत्सर्जन या क्रिया चार धावांत, म्हणजे दंडाच्या दोन फेऱ्यांत, पुऱ्या होतात. इंग्लंडातील जोसेफ डे याने पुढे जे टू-स्ट्रोक एंजिन रचले, त्यात हेच कार्य एका फेऱ्यात उरकते. तेथे झडपांचे काम सिलिंडरच्या भिंतीतील छिद्रे करतात. दट्ट्याच ती झाकतो आणि उघडतो. सुटे भाग थोडे, वजन अल्प आणि किंमत बेताची, या गुणांमुळे १९४६ च्या इटालियन ‘व्हेस्पा’ने हेच एंजिन पत्करले, आणि ‘व्हेस्पा’च्या परंपरेतून ते पुण्याजवळील आकुर्डीच्या कारखान्यात आले.

आता पुराव्यांकडे वळू. निळसर धूर हे टू-स्ट्रोकचे लक्षण समजतात, कारण त्यात पेट्रोलबरोबर तेलही जळते. तथापि कड्या झिजलेले फोर-स्ट्रोक एंजिनही तसाच धूर सोडते. आवाजावरून कसबी कारागीर अचूक निदान करतो; पण त्याचा कान टिपणात नोंदविता येत नाही. पेट्रोलमध्ये तेल मिसळण्याची सूचना आढळल्यास एंजिन टू-स्ट्रोक असल्याचे सबळ प्रमाण मिळते. मात्र सूचना नाही म्हणून एंजिन फोर-स्ट्रोक, हे अनुमान सदोष आहे. कित्येक टू-स्ट्रोक गाड्यांत तेलाची वेगळी टाकी असून पंप ते आपोआप पुरवितो. खालच्या बाजूस तेलाचे बूच दिसले तरी घाई करू नये; टू-स्ट्रोकच्या गिअरपेटीलाही स्वतंत्र तेल लागतेच.

निर्णायक पुरावे दोन. पहिला सिलिंडरच्या माथ्याचा. टू-स्ट्रोक स्कूटरचा माथा म्हणजे पंख असलेले साधे झाकण. फोर-स्ट्रोकच्या माथ्यात झडपा व त्या हलविणारी यंत्रणा असते आणि तिच्यावर निराळे आवरण बसविलेले असते. दुसरा पुरावा प्रयोगाचा. बंद गाडीचा स्पार्क प्लग काढून त्या छिद्रावर अंगठा दाबावा आणि चुंबकचक्र हाताने सावकाश फिरवावे. प्रत्येक फेऱ्यास हवेचा दाब अंगठ्यास जाणवला तर एंजिन टू-स्ट्रोक. एकाआड एक फेऱ्यास जाणवला तर फोर-स्ट्रोक. ही परीक्षा एंजिनाच्या व्याख्येवरच आधारलेली असल्याने नाव, रंग किंवा बदललेले पत्रे तीत व्यत्यय आणू शकत नाहीत.

हा भेद केवळ कारागिराच्या कामाचा आहे असे नव्हे. टू-स्ट्रोकमध्ये ताजे मिश्रण जळका वायू बाहेर लोटते, आणि त्या ओघात त्याचा काही अंश न जळताच निसटतो. १९९१ पासून आपल्या देशात वाहनांच्या धुरावर मर्यादा आल्या, १९९६ व २००० मध्ये त्या कडक झाल्या, आणि फोर-स्ट्रोक स्कूटर पुढे सरसावली; २००१ ची होंडा ‘ॲक्टिव्हा’ हे तिचे ठळक उदाहरण. शहराच्या हवेचा इतिहास लिहिणाऱ्यास रस्त्यावर कोणते एंजिन होते हे कळलेच पाहिजे. संग्रहालयातील गाडीवर केवळ नावाची पाटी लावून भागणार नाही. तीवर एंजिनाचा प्रकार आणि तो कोणत्या पुराव्याने ठरविला, हेही नोंदविणे अगत्याचे आहे.