डीजे लावायचा की डीजे व्हायचं?

मराठीत 'डीजे' हा माणूस नाही. तुमच्या कधी लक्षात आलंय का? "वरातीला डीजे लावलाय", "पोलिसांनी डीजे जप्त केला", "डीजे अजून गंगापूर रोडलाच अडकलाय"... ही वाक्यं आपण रोज ऐकतो आणि कुणालाही त्यात काही वावगं वाटत नाही. बाकी जगात डिस्क जॉकी म्हणजे गाणी निवडून, जुळवून वाजवणारा माणूस. आपल्याकडे डीजे म्हणजे स्पीकरची भिंत, जनरेटर आणि हा सगळा संसार वाहून नेणारा टेम्पो. त्या भिंतीमागे कुणीतरी उभा असतो, पण त्याला आपण 'ऑपरेटर' म्हणतो.

हा विषय डोक्यात शिरला तो माझ्या मावसभावामुळे. तो नाशिकला सिडकोत राहतो, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, आणि दोन वर्षं शिकवण्या घेऊन साठवलेले पैसे त्याला डीजेच्या सामानात घालायचेत. (मावशीला अजून पत्ता नाही, तेव्हा तुम्हीही बोलू नका!) त्याचा प्रश्न सरळ होता. "दादा, तू कॉम्प्युटरवाला आहेस, तूच सांग. लॅपटॉप, सॉफ्टवेअर आणि कंट्रोलर घेऊ, की आधी रेकॉर्डच्या डेकवर शिकू? सॉफ्टवेअरवर वाजवणारा खरा डीजे नसतो म्हणतात." कंट्रोलर म्हणजे दोन फिरत्या चकत्या आणि सरकत्या बटणांचं, यूएसबीने लॅपटॉपला जोडायचं यंत्र. पैसे एकदाच घालता येणार, त्यामुळे उत्तर चुकलं तर दोन वर्षांची कमाई पाण्यात.

त्यातल्या 'खरा डीजे' या दोन शब्दांनी मला कामाला लावलं. दोन वीकएंड वाचनात घालवले. त्याचं हे फळ.

सुरुवात थोडी लांबून, जपानपासून करू. जुन्या रेकॉर्ड प्लेअरमध्ये मोटर एका बाजूला आणि तबकडी दुसऱ्या बाजूला असायची, मध्ये रबरी पट्टा. बोटाने तबकडी थांबवली की ती पुन्हा वेग घ्यायला वेळ लावायची. जपानच्या मात्सुशिता कंपनीने तबकडी थेट मोटरवरच बसवली आणि १९७२ मध्ये 'टेक्निक्स एसएल-१२००' बाजारात आणला. तो बनवला होता घरी बसून शांतपणे संगीत ऐकणाऱ्या शौकिनांसाठी. पण हात लावून सोडला तरी क्षणात मूळ वेग पकडणारं यंत्र कुणाच्या कामाचं, हे पार्टीत गाणी वाजवणाऱ्यांनी ओळखलं. १९७९ च्या एमके-टू मॉडेलमध्ये वेग ८ टक्के कमी-जास्त करणारी सरकपट्टी आली, आणि पुढची तीस वर्षं हेच यंत्र जगभरच्या डीजेंचं हत्यार होतं.

याच सुमारास, ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात कूल हर्क नावाच्या पोराने आपल्या बहिणीच्या पार्टीत गाणी वाजवली. हिप-हॉपवाले आपला जन्म त्या रात्रीपासून मोजतात. हर्कने नाचणाऱ्यांकडे बघून एक गोष्ट हेरली होती. गायक थांबतो आणि नुसता ताल उरतो, त्या तुकड्याची लोक वाट बघत असतात. मग एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती घेऊन तो तेवढाच तुकडा आलटून पालटून फिरवायला लागला. त्याच्या मागोमाग आलेला ग्रँडमास्टर फ्लॅश तर इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला. तो रेकॉर्डवर मेणखडूने खुणा करायचा, आणि दुसरी रेकॉर्ड लोकांच्या आधी आपल्याला हेडफोनवर ऐकता यावी म्हणून स्विच त्याने स्वतः जोडला होता. थोडक्यात, 'खरे' डीजेसुद्धा पहिल्या दिवसापासून यंत्राशी खटपट करणारेच होते.

आता यातलं अवघड काम कोणतं? ताल जुळवणं. समजा एक गाणं मिनिटाला १२८ ठोक्यांचं आहे आणि दुसरं १२६ चं. फरक दोनच ठोक्यांचा, कानाला जाणवतही नाही. पण दोन्ही एकदम सुरू केली, तर १५ सेकंदांत पहिल्याचे ३२ ठोके होतात आणि दुसऱ्याचे साडेएकतीस. म्हणजे पंधराव्या सेकंदाला एकाचा ठोका बरोब्बर दुसऱ्याच्या दोन ठोक्यांच्या मध्ये पडतो. घोडा अडखळल्यासारखा आवाज येतो आणि नाचणारे थांबतात. हे टाळायला वेग कानाने जुळवायचा. बरं, रेकॉर्डचा वेग वाढवला की स्वरही चढतो. साधारण ६ टक्के वाढवलात की काळी एकचं गाणं पांढरी दोनमध्ये जातं. दोन्ही सांभाळून वाजवायला शिकण्यात वर्षं जायची. या कौशल्याचा अभिमान वाटणं साहजिक आहे.

मग डिजिटलवाले आले. पायोनियरचा सीडीजे-५०० हा सीडी प्लेअर १९९४ चा, आणि रेकॉर्डसारखं हाताने फिरवता येणारं मोठं चाक असलेला सीडीजे-१००० हा २००१ चा. बर्लिनच्या नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सचं 'ट्रॅक्टर' २००० मध्ये आलं, 'व्हर्च्युअल डीजे' २००३ मध्ये. मला स्वतःला सगळ्यात आवडलेली युक्ती 'फायनल स्क्रॅच'ची, जी पुढे २००४ मध्ये न्यूझीलंडच्या सेराटोनेही आणली. यात रेकॉर्डवर गाणं नसतंच, फक्त एक एकसुरी संकेत कोरलेला असतो. सुई तो वाचते, आणि तबकडी कुठे आहे, किती वेगाने आणि कुठल्या दिशेला फिरतेय हे सॉफ्टवेअर त्यावरून ओळखतं. त्या हिशेबाने लॅपटॉपमधली एमपीथ्री पुढेमागे होते. हात रेकॉर्डवर, गाणं हार्ड डिस्कवर! त्यानंतर आलं 'सिंक' नावाचं बटण. एकदा दाबलं की दोन गाण्यांचे ताल जुळले, आणि स्वर जागेवर धरून ठेवायची सोय वेगळी. वर्षांची साधना एका क्लिकमध्ये. २०२० नंतर तर चालू गाण्यातला गायकाचा आवाज आणि तालवाद्यं जागच्या जागी वेगळी काढणारी सॉफ्टवेअर आलीत.

गंमत म्हणजे प्रत्येक पायरीवर भांडण तेच. रेकॉर्डवाले सीडीवाल्यांना हसले, सीडीवाले लॅपटॉपवाल्यांना, आणि हाताने ताल जुळवणारे लॅपटॉपवाले आता सिंकवाल्यांना हसतात. टेक्निक्सने २०१० मध्ये एसएल-१२०० बंद केला आणि २०१६ मध्ये पुन्हा सुरू केला. तेव्हा जुनं मेलेलंही नाही.

इथपर्यंत वाचलं आणि एका जागी अडलो. हे सगळं भांडण ब्राँक्सचं आणि बर्लिनचं आहे. नाशिकच्या वरातीत रेकॉर्डवर मिक्सिंग करणारा डीजे होता कधी? मुंबईच्या क्लबांमधली गोष्ट वेगळी. आपल्या रस्त्यावर आधी ब्रास बँड होता, मग बेंजो पार्टी, मग कॅसेटचा डेक, मग सीडी आणि थेट लॅपटॉप. मधली रेकॉर्डची पायरी आपण चढलोच नाही. मग "आधी रेकॉर्डवर शिक" हा सल्ला कुठून येतो? तो दुसऱ्याच्या इतिहासातून उसना आणलेला आहे. आपल्याकडे लॅपटॉपने रेकॉर्डवाल्याची जागा घेतली नाही, वाजवणाऱ्यांच्या अख्ख्या पथकाची घेतली.

बेंजो पार्टी आठवतेय ना? तो बेंजोही मूळचा जपानीच. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये 'ताइशोगोतो' नावाचं वाद्य केलं, ज्यात टाइपरायटरसारख्या कळा दाबून तारांचे स्वर बदलता येतात. तेच आपल्याकडे बुलबुल तरंग झालं, आणि मग वीज जोडून, भोंगा लावून बेंजो. पुढे त्याच्या शेजारी कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड येऊन बसले. म्हणजे आपणही यंत्रापासून लांब नव्हतोच, बरं का.

जुन्या नाशकात आमच्या ओळखीचे एक काका बेंजो वाजवायचे. आता रिक्षा चालवतात, नवरात्रात बोलावलं तर वाजवतात. परवा त्यांना विचारलं, वरातीत नक्की काय बघून वाजवायचात? म्हणाले, "पाय बघायचे. नवरदेवाची आत्या नाचायला उतरली की ध्रुवपद सोडायचं नाही, फिरवत राहायचं. ती दमली की अंतरा."

मी दोन मिनिटं गप्प. अहो, हेच तर कूल हर्क करत होता! लोकांना हवा असलेला तुकडा ओळखायचा आणि तो लांबवायचा. सॉफ्टवेअरमध्ये आज त्यासाठी 'लूप' नावाचं बटण असतं. बटण दाबणं कुणालाही जमेल. कधी दाबायचं आणि कधी सोडायचं, ते आत्याच्या पायांकडे बघणाऱ्यालाच कळतं.

दुसरं उदाहरण तर आपल्या गावाच्या नावाचंच. नाशिक ढोल. केरळात आणि मंगळूरकडे मिरवणुकांत तो 'नासिक' याच नावाने वाजतो, इतकं हे नाव लांब गेलंय. आणि आता ते गेलंय फोल्डरमध्ये. रिमिक्स करणाऱ्यांच्या लॅपटॉपवर 'नाशिक ढोल' नावाचे तयार तुकडे असतात, ते उचलायचे आणि गाण्याखाली चिकटवायचे. सोय झाली हे खरं. पण पथक वाजतं तेव्हा ताशा इशारा देतो, ढोल उत्तर देतात, आणि रंग चढला की लय आपोआप चढते. तुकडा मात्र सुरुवातीला जेवढ्या लयीत होता तेवढ्याच लयीत शेवटपर्यंत. त्याच्यासमोर कुणी नाचतंय की नाही, याचा त्याला पत्ताच नसतो.

सॉफ्टवेअर कुठे फसतं तेही इथेच कळतं. ताल मोजणारा प्रोग्रॅम साधारण असं धरून चालतो की गाण्याची लय सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच आहे आणि मोजणी चार-चारची आहे. कॉम्प्युटरवर केलेल्या गाण्यांना हे लागू पडतं. पण सत्तरच्या दशकातलं गाणं वादकांनी स्टुडिओत एकत्र बसून वाजवलेलं असतं, त्यात लय श्वासासारखी हलते. सहा मात्रांच्या चालीचं कोळीगीत घातलं तर सॉफ्टवेअर कधी दीडपट आकडा दाखवतं, कधी निम्मा. अशा वेळी सिंक दाबलं की दोन गाणी एकमेकांच्या पायावर पाय देतात. तेव्हा कान नसेल तर वाचवणारं कुणी नाही.

एक मुद्दा आवाजाचा, तो टाळून चालणार नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० चे. त्यानुसार निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद, आणि सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये यावर शिक्कामोर्तब केलं. २०१८ च्या विसर्जनाआधी डीजेवरची बंदी उठवायला मुंबई उच्च न्यायालयाने नकार दिला. या सगळ्या वादात 'डीजे' म्हणजे स्पीकरची भिंतच. सातारा-कोल्हापूरकडे तर तिला 'डॉल्बी' म्हणतात. यातला विनोद बघा. रे डॉल्बी १९६३ ते १९६५ संयुक्त राष्ट्रांचे सल्लागार म्हणून भारतातच होते. मग त्यांनी लंडनला कंपनी काढली, आणि तिचं पहिलं नाव झालं ते टेपवरची खरखर कमी करण्यासाठी. गोंगाट कमी करणाऱ्याचं नाव आपण कशाला दिलं!

बेंजो पार्टी गेली, ती भिंत आली म्हणून आणि ती स्वस्त पडली म्हणून. आठ-दहा जणांची बिदागी देण्यापेक्षा एक टेम्पो परवडतो. लोकांना माणूस नकोच होता, आवाज हवा होता. म्हणून तर शब्दातून माणूस गळून पडला, आणि सॉफ्टवेअर रस्त्यावर यायच्या आधीच गळला. त्याचा दोष लॅपटॉपच्या माथी मारण्यात अर्थ नाही.

तर भावाला मी जे सांगितलं ते असं. सॉफ्टवेअर घे, बिनधास्त. रेकॉर्डच्या डेकमध्ये पैसे घालू नकोस, तुला हवी ती मराठी गाणी रेकॉर्डवर मिळणारही नाहीत. पण परवान्याचं घे, क्रॅक केलेलं नको, ऐन हळदीत बंद पडलं तर कुणाला फोन करणार? पहिले सहा महिने सिंकच्या बटणावर चिकटपट्टी लाव आणि ताल कानाने जुळव. बारावीला आपण लॉग टेबल वापरलं, तरी उत्तर दहापट चुकलंय हे ओळखायला अंदाज लागतोच ना, तसं. आणि गणपतीच्या आधी एखाद्या ढोल पथकाच्या सरावाला आठवडाभर जाऊन नुसता बस. लय कोण चढवतं आणि कुणाकडे बघून चढवतं, ते बघ.

नोव्हेंबरात त्याला एका मित्राच्या घरची हळद मिळाली आहे. दोनच स्पीकर, गच्चीवर, दहाच्या आत आटोपायचं. बेंजोवाल्या काकांना त्याने अर्ध्या तासासाठी बोलावलंय, ते वाजवणार आणि हा खाली ताल धरणार. काकांची लय हलणारच, तेव्हा सिंक तिथे तसंही उपयोगाचं नाही. :)