सोडियम बेंझोएट
बेंझोइक आम्लाचे पाण्यात सहज विरघळणारे सोडियम लवण, आम्लयुक्त खाद्यपदार्थांतील परिरक्षक (आयएनएस क्र. २११).

बेंझोइक आम्ल पूर्वी ऊद या राळेपासून मिळवीत. क्रॅनबेरी, दालचिनी व लवंगेतही ते निसर्गतः आढळते. त्याचा कवकरोधी गुण १८७५ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ झाल्कोव्हस्की यांनी दाखविला. मूळ आम्ल थंड पाण्यात फारसे विरघळत नसल्याने खाद्योद्योगात त्याचे लवण वापरतात.

परिरक्षणाचे काम लवण नव्हे, तर त्यापासून पदार्थात तयार होणारे अविघटित आम्ल करते. ते यीस्ट व बुरशीच्या पेशीपटलातून आत शिरते, तेथे विघटित होते आणि पेशीतील आम्लता वाढवून शर्कराविघटन रोखते. पीएच मूल्य ४.२ असताना सुमारे निम्मे आम्ल अविघटित असते, ६ ला जेमतेम दीड टक्का. म्हणून सरबते, सॉस, लोणची यांत ते उपयुक्त ठरते, दुधात नाही. जांभूळ, कोकम यांच्या रंगीत रसांसाठी ते विशेष सोयीचे; पोटॅशियम मेटाबायसल्फाइटातून सुटणारा सल्फर डाय-ऑक्साइड त्यांचा रंग फिका करतो (→ अँथोसायनिने; सल्फाइटे).

शरीरात ग्लायसिनशी संयोग होऊन ते हिप्प्युरिक आम्लाच्या रूपाने मूत्रावाटे बाहेर पडते. क जीवनसत्त्वासह, विशेषतः उष्णता व प्रकाशात, त्यापासून अत्यल्प बेंझीन निर्माण होऊ शकते. बेंझीन कर्ककारक असल्याने पेयनिर्मितीत ही बाब गंभीर मानली जाते. भारतात त्याचा वापर अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ खालील मर्यादांनी बांधलेला आहे (→ अन्नपरिरक्षण).