मधल्या निरोप्याची कुळकथा

लिनक्स सर्व्हरवर संदेशांचा मध्यस्थ, ज्याला या व्यवसायातील मंडळी मेसेज ब्रोकर म्हणतात, बसवावयाचा झाल्यास आज ते काम एका ओळीच्या हुकुमात उरकते. डेबियन किंवा उबुंटू चालणाऱ्या यंत्रावर व्यवस्थापकाने 'ॲप्ट'कडे रॅबिटएमक्यूची मागणी नोंदवावी, एकवार होकार द्यावा, आणि काही क्षणांत हा मध्यस्थ आपल्या जागी रुजू होऊन ५६७२ क्रमांकाच्या पोर्टवर येणाऱ्या निरोपांची वाट पाहू लागतो. परंतु त्या वेळी पडद्यावरून सरकत जाणारी यादी जो सावकाश वाचील त्याच्या ध्यानात येईल की, मागणी एका पॅकेजची असताना मागोमाग अनेक पॅकेजे येतात आणि त्यांतील बहुतेकांच्या नावाच्या आरंभी 'अर्लँग' हा एकच शब्द असतो. निरोप पाठविणारा प्रोग्राम पायथॉनमध्ये लिहिलेला असेल, घेणारा जावामध्ये असेल. मग या दोहोंमध्ये उभ्या राहणाऱ्यास ही तिसरीच भाषा कशासाठी लागावी, याचा माग घेत गेले असता तो कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीच्या कचेरीपर्यंत जाऊन पोहोचतो.

या कंपनीत १९०८ साली आग्नर क्रारुप अर्लँग नावाचे गणिती नोकरीस लागले. ग्राहकांना टेलिफोन केव्हा करावासा वाटेल हे कोणाच्याच हाती नसते, आणि तरीही एक्स्चेंजमध्ये तारा किती ठेवाव्यात व जोडणी करून देणारे कर्मचारी किती नेमावेत हे मात्र आगाऊ ठरवावे लागते. तारा थोड्या ठेवल्या तर लोक तिष्ठत राहतात, फार ठेवल्या तर कंपनीचा पैसा निष्कारण अडकून पडतो. या पेचावर त्यांनी संभाव्यतेच्या गणिताचा प्रयोग केला. १९०९ च्या निबंधात त्यांनी, स्वतंत्रपणे येणाऱ्या कॉलांचे आगमन यदृच्छेने होत असले तरी त्या यदृच्छेलाही एक निश्चित नियम असतो, असे दाखविले आणि १९१७ मध्ये ग्राहकास किती थांबावे लागेल व किती कॉल वाया जातील यांची सूत्रे सिद्ध केली. १९२९ मध्ये ते निवर्तले. पुढे १९४६ साली टेलिफोन-वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय एककास त्यांचे नाव देण्यात आले. संगणकातील रांगेचे जनकत्व ज्याला त्याला प्रोग्रामरांकडे द्यावेसे वाटते. मला विचाराल तर ते या डॅनिश गणित्याकडे जाते, कारण येणाऱ्याचा वेग आणि सेवा देणाऱ्याचा वेग या दोन भिन्न गोष्टी असून त्यांच्यामधील अंतर सांभाळणे हाच रांगेचा धर्म होय, हे त्यांनी कोणताही संगणक अस्तित्वात येण्यापूर्वी मांडून ठेवले.

त्यांच्याच नावाची भाषा स्टॉकहोममधील एरिक्सन कंपनीच्या संगणकशास्त्र प्रयोगशाळेत १९८६ च्या सुमारास आकारास येऊ लागली. जो आर्मस्ट्राँग, रॉबर्ट व्हर्डिंग आणि माइक विल्यम्स हे तिचे कर्ते. टेलिफोन एक्स्चेंजच्या गरजाच विलक्षण असतात: सहस्रावधी संभाषणे एकाच वेळी चालावयाची, त्यांतील एक बिघडले तर शेजारच्याला त्याची वार्ताही लागता कामा नये, आणि सुधारणा करावयाची तर तीही यंत्र बंद न करता. या त्रयीने यावर काढलेला तोडगा असा की, प्रोग्रामचे अत्यंत लहान व परस्परांपासून सर्वस्वी विभक्त असे घटक करावेत. कोणी कोणाच्या स्मृतीस हात लावू नये. एकमेकांशी बोलावयाचे ते केवळ निरोप पाठवून, आणि प्रत्येकाने आपल्या पेटीत पडलेले निरोप सवडीने वाचावेत. एखादा घटक कोसळला तर त्याची मलमपट्टी करीत बसण्यापेक्षा त्यास पडू द्यावे, आणि त्याच्यावर देखरेख ठेवणाऱ्या दुसऱ्या घटकाने तो नव्याने उभा करावा. १९९८ मध्ये एरिक्सनने एएक्सडी ३०१ हा स्विच बाजारात आणला, त्यात या भाषेतील दहा लाखांहून अधिक ओळी होत्या. आणि नेमक्या त्याच वर्षी कंपनीच्या रेडिओ विभागाने नव्या उत्पादनांत हिचा वापर करण्यास मनाई केली. डिसेंबर १९९८ मध्ये भाषेचा मूळ संहितासंग्रह सर्वांसाठी खुला झाला. घरात मनाई झालेली ही विद्या घराबाहेर मोकळी झाली, ही घटना मला या सबंध कथेतील सर्वांत भाग्याची वाटते. ती कंपनीच्या दप्तरातच बांधलेली राहती तर पुढील प्रकरण घडलेच नसते.

या कुळाची दुसरी शाखा शेअरबाजाराच्या पेढ्यांतून येते. १९८० च्या दशकात तेथील दलालांच्या टेबलांवर निरनिराळ्या बातमी-पुरवठादारांचे निरनिराळे पडदे असत आणि एकाचा भाव दुसऱ्याशी ताडून पाहावयाचा तो डोळ्यांनीच. मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे यांना असे सुचले की, संगणकाच्या आत सर्व भाग ज्याप्रमाणे एका सामायिक वाहिनीस, म्हणजे बसला, जोडलेले असतात, त्याप्रमाणे प्रोग्रामांसाठीही एक सामायिक वाहिनी असावी: भाव देणाऱ्याने तो विषयाच्या नावाने तीवर सोडावा, आणि ज्यांना त्या विषयाची गरज असेल त्यांनी तो घ्यावा, देणाऱ्यास घेणाऱ्याची नावे ठाऊक असण्याचे कारणच नाही. त्यांच्या टेक्नेक्रॉन सॉफ्टवेअर सिस्टिम्सने हीच 'इन्फर्मेशन बस' गोल्डमन सॅक्ससारख्या पेढ्यांत बसविली. रॉयटर्सने १९९४ मध्ये ती कंपनी विकत घेतली, आणि पुढे १९९७ मध्ये तिच्यातूनच टिब्को उभी राहिली. इकडे आयबीएमने १९९३ मध्ये एमक्यूसिरीज आणली; तिचा कटाक्ष वेगापेक्षा खात्रीवर होता, आणि दिलेला निरोप पलीकडचे यंत्र बंद असले तरी गहाळ होऊ नये, अशी तिची हमी होती. दोन्ही व्यवस्था उत्तम होत्या, परंतु एकीचे बोलणे दुसरीस कळत नसे, आणि दोन्हींचा परवाना लहानसहान संस्थांच्या आवाक्याबाहेरचा असे.

ही कोंडी फोडण्याचा उपक्रम कोणा विक्रेत्याने नव्हे, ग्राहकाने केला, आणि याचे मला विशेष महत्त्व वाटते. लंडनमध्ये जेपी मॉर्गन चेस या बँकेत काम करणारे जॉन ओ'हारा यांनी २००३ मध्ये असा विचार मांडला की, ई-मेलप्रमाणेच संदेश-व्यवस्थेलाही एक खुला संकेत असावा, तारेवरून जाणाऱ्या प्रत्येक बाइटचा अर्थ जाहीररीत्या मुक्रर व्हावा, म्हणजे कोणाचाही मध्यस्थ कोणाच्याही प्रोग्रामशी बोलू शकेल. बेल्जियममधील आयमॅटिक्स या संस्थेने संकेताचा बराचसा मसुदा व पहिला मध्यस्थ तयार केला, आणि सिस्को, रेड हॅट, आयोना आदींसह कार्यगट स्थापन होऊन २००६ मध्ये एएमक्यूपी हा संकेत जगापुढे आला. त्याची घडण कळावयास आपल्या सरकारी कचेरीतील बारनिशीचे टेबल डोळ्यांपुढे आणावे. टपाल येते ते प्रथम बारनिशीत. तिथला कारकून पत्रावरील विषय पाहून ते कोणत्या शाखेचे हे ठरवितो, शाखेच्या कप्प्यात ते पडून राहते, शाखेचा माणूस सवडीने ते उचलतो आणि पोच देतो. एएमक्यूपीत या कारकुनास एक्स्चेंज, कप्प्यास क्यू आणि कोणते पत्र कोठे जावे या नियमास बाइंडिंग म्हणतात. मुख्य गोष्ट ही की, पाठविणारा कप्प्याचे नावही घेत नाही. तो केवळ विषय लिहितो, आणि उद्या नवी शाखा निघाली तर पाठविणाऱ्याच्या प्रोग्रामातील एक अक्षरही न बदलता तिला तिच्या प्रती मिळू लागतात.

आता या दोन शाखा एकत्र याव्यात हे जणू ठरलेलेच होते. एलशिफ्ट आणि कोहेसिव्हएफटी या दोन संस्थांनी मिळून २००७ मध्ये रॅबिटएमक्यूची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली; ॲलेक्सिस रिचर्डसन, मॅथियस राडेस्टॉक आणि टोनी गार्नॉक-जोन्स ही त्यामागील प्रमुख नावे. संकेत बँकेने दिला, भाषा टेलिफोनने दिली. निरोपांवरच जगणाऱ्या भाषेत निरोपांचा मध्यस्थ लिहिणे किती स्वाभाविक होते हे त्याच्या आटोपशीर संहितेवरूनच दिसत असे. पुढे मालकी २०१० मध्ये व्हीएमवेअरच्या स्प्रिंगसोर्सकडे, तेथून पिव्होटलकडे, परत व्हीएमवेअरकडे आणि २०२३ मध्ये ब्रॉडकॉमकडे गेली; मूळ संहिता मात्र मोझिलाच्या सार्वजनिक परवान्याखाली खुलीच राहिली.

ही वंशावळ ठाऊक असली म्हणजे बसविण्याच्या प्रत्येक पायरीचा उलगडा होतो. पहिली पायरी आवृत्त्यांच्या मेळाची. इयान मर्डॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या डेबियनची परंपरा स्थैर्याची आहे; तिच्या भांडारातील पॅकेज एकदा ठरले की त्या पिढीपुरते ते बहुधा तसेच राहते. उबुंटूच्या २२.०४ या आवृत्तीच्या भांडारात रॅबिटएमक्यूची ३.९ ही पिढी आहे, ३.१३ हवी असेल तर तिला अर्लँगची २६ वी पिढी लागते आणि ती त्या भांडारात नाही. म्हणून रॅबिटएमक्यूचे कर्ते स्वतःचे भांडार चालवितात, आणि त्यांची स्वाक्षरी पडताळणारी किल्ली प्रथम यंत्रावर ठेवून मग मध्यस्थ व अर्लँग दोन्ही तेथूनच घेणे इष्ट ठरते. मध्यस्थ नवा आणि भाषा जुनी अशी जोडी केल्यास सेवा सुरूच होत नाही.

दुसरी पायरी बहुतेकांच्या नजरेतून सुटते. अर्लँगचे दोन घटक दोन यंत्रांवर असले तरी परस्परांशी घरच्यासारखे बोलू शकतात. या मोकळिकीवर अंकुश असावा म्हणून प्रत्येक यंत्रावर 'कुकी' नावाची एक गुप्त खूण फाइलीत ठेवलेली असते, आणि ती जुळल्यावाचून दुसरा दाद देत नाही. रॅबिटएमक्यूचा हुकूम चालविणारे 'रॅबिटएमक्यूसीटीएल' हे साधनदेखील याच खुणेच्या बळावर आत शिरते. म्हणून सामान्य वापरकर्त्याने ते चालविले असता नकार मिळतो. ही फाइल मालकाखेरीज कोणासही वाचता येता कामा नये. यंत्राच्या नावाचेही तसेच. मध्यस्थाचे नाव यंत्राच्या नावावरून पडते आणि त्याचे कोठारही त्याच नावाचे असते. बसविल्यानंतर कोणी यंत्राचे नाव बदलले तर मध्यस्थ रिकाम्या नव्या कोठारानिशी उठतो, आणि जुन्या रांगा नाहीशा झाल्यासारख्या वाटतात. त्या जागच्या जागी असतात, फक्त त्यांना विचारणारा राहिलेला नसतो. यास्तव यंत्राचे नाव आधी कायम करावे, मगच पॅकेज मागवावे.

प्रवेशाची तजवीज त्यानंतरची. मध्यस्थाबरोबर 'गेस्ट' नावाचे खाते येते आणि त्याचा पासवर्डही तोच असतो. पूर्वी हे खाते कोठूनही चालत असे. २०१४ मध्ये आलेल्या ३.३ या आवृत्तीपासून ते त्याच यंत्राच्या हद्दीपुरते मर्यादित झाले. हा निर्बंध सेटिंग बदलून उठविण्याचा सल्ला अनेक जण देतात, तो मला घातक वाटतो. त्याऐवजी आपले स्वतंत्र खाते उघडावे, कामाच्या प्रत्येक विभागास एक 'व्हर्च्युअल होस्ट' द्यावा, आणि रचनेचा, लिहिण्याचा व वाचण्याचा असे तिन्ही अधिकार त्या खात्यास स्पष्टपणे बहाल करावेत, कारण नव्या खात्यास आपसूक काहीच मिळत नाही. मग 'गेस्ट' काढून टाकावे. पाहणीसाठी असलेले १५६७२ पोर्टवरील व्यवस्थापन-पृष्ठ वेगळ्या प्लगइनने सुरू करावे लागते. ते फायरवॉलच्या आतच ठेवावे.

राहता राहिली मर्यादांची गोष्ट, आणि येथे कोपनहेगनची ती जुनी चिंता पुन्हा भेटते. घेणारे मंदावले की रांग वाढते. स्मृतीचा ठरलेला हिस्सा, जो दीर्घकाळ ४० टक्के होता, ओलांडला गेला किंवा डिस्कवरील मोकळी जागा मूळच्या ५० मेगाबाइट या हद्दीखाली गेली, की मध्यस्थ पाठविणाऱ्यांना थोपवून धरतो. डिस्कची ही हद्द प्रत्यक्ष कामासाठी अगदीच तोकडी असून ती आरंभीच वाढवावी. एकाच वेळी उघडता येणाऱ्या फाइलींची मर्यादाही सिस्टमडीच्या सेवा-फाइलीत निदान ६५,५३६ पर्यंत न्यावी, कारण प्रत्येक जोडणीस एक फाइल खर्ची पडते.

निरोप डिस्कवर टिकावा म्हणून रांग आणि निरोप दोन्ही टिकाऊ म्हणून जाहीर करावे लागतात. एकच केल्यास यंत्र पुन्हा सुरू होताच निरोप जातो. एका यंत्रावर विसंबावयाचे नसेल तर तीन यंत्रे घ्यावीत, तिन्हींवर कुकी एकच ठेवावी आणि रांगा 'कोरम' प्रकारच्या कराव्यात. या रांगा २०१९ मध्ये ३.८ या आवृत्तीत आल्या. तिहींपैकी दोघांनी नोंद केल्यावाचून त्या निरोप स्वीकारल्याची पोच देत नाहीत, आणि प्रतिबिंबित रांगांची जुनी पद्धत २०२४ च्या ४.० या आवृत्तीने मोडीत काढल्यापासून निरोपांच्या प्रती अनेक यंत्रांवर राखणाऱ्या रांगेसाठी हाच शिरस्ता झाला आहे.