मोटारीचें अजीर्ण

माणसास अन्न न मिळाल्यानें जसें दुखणें येतें, तसें तें अधिक मिळाल्यानेंहि येतें. आणि हें दुसरें दुखणें ओळखण्यास अधिक कठीण असतें. कार्ब्युरेटरच्या मोटारीची गोष्ट याहून निराळी नाहीं. थंडीच्या दिवसांत सकाळीं मालक चोक ओढतो, स्टार्टर फिरवतो; इंजिन दोनदां घुरघुरतें आणि स्तब्ध होतें. मग तो पुन्हां चोक ओढतो, ॲक्सिलरेटर चार वेळां दाबतो, पुन्हां स्टार्टर फिरवतो. पेट्रोलाचा उग्र वास सुटतो, पण इंजिन कांहीं बोलत नाहीं. पेट्रोल पोंचत नसावें, असा त्याचा समज होतो. वास्तविक तें इतकें पोंचलेलें असतें कीं, इंजिनाला तें पचत नाहीं. हें अजीर्ण मोटारीला केव्हां जडलें आणि त्यावर उपाय कसे सुचत गेले, हा इतिहास मनोरंजक तर आहेच, पण उद्बोधकहि आहे.

पेट्रोल द्रवरूपांत जळत नाहीं. त्याची वाफ हवेंत मिसळली म्हणजे ती जळते. वजनानें एक भाग पेट्रोलास सुमारें 15 भाग हवा, हें मिश्रणाचें योग्य प्रमाण होय. ऊन झालेल्या इंजिनांत तें सहज साधतें. परंतु थंड इंजिनांत पेट्रोलाच्या केवळ हलक्या अंशाची वाफ होते. उरलेला अंश नळीच्या भिंतींना थेंबांच्या रूपानें चिकटून राहतो. म्हणून आरंभीं पेट्रोल मुद्दाम जास्त द्यावें लागतें. तें देण्याची युक्ति म्हणजे चोक. हवेच्या वाटेंत एक झडप आडवी केली, कीं हवा कमी व पेट्रोल अधिक ओढलें जातें. इंजिनानें लागलाच पेट घेतला तर ठीक. न घेतला तर प्रत्येक फेऱ्यागणिक ओलें पेट्रोल सिलिंडरांत साचत जातें. प्लगचें टोक भिजतें, ठिणगी दुबळी पडते किंवा पडतच नाहीं. पडली तरी इतकें दाट मिश्रण तिला पेटवितां येत नाहीं. शिवाय सिलिंडरच्या भिंतीवरील तेलाचा पातळ थर धुऊन जातो आणि दाब घटतो. एका चुकीच्या पोटीं अशा तीन चुका जन्मास येतात.

आरंभींच्या मोटारींना उपासमारीचें भय अधिक होतें. कार्ल बेन्झ यानें 1886 सालीं ज्या तीन चाकी गाडीचें पेटंट घेतलें, तींत इंधनाच्या पृष्ठभागावरून हवा नेऊन वाफ गोळा करण्याची योजना होती. 1888 च्या ऑगस्ट महिन्यांत त्याची पत्नी बेर्टा बेन्झ ही, पतीस न कळवितां, दोन मुलांना बरोबर घेऊन याच जातीच्या गाडींतून मानहाइमहून फोर्ट्सहाइमला गेली. अंतर सुमारें शंभर किलोमीटर. वाटेंत वीस्लोख येथील औषधाच्या दुकानांतून तिनें इंधन विकत घेतलें आणि तुंबलेली नळी टोपीच्या पिनेनें मोकळी केली.

पुढें 1893 सालीं बुडापेस्ट येथें दोनात बांकी व यानोश चोंका यांनीं, आणि जर्मनींत विल्हेल्म मायबाख यानें, बारीक तोटींतून पेट्रोलाचा फवारा हवेंत सोडणारा कार्ब्युरेटर सिद्ध केला. या पद्धतींत तोटीजवळ एक लहानशी कुंडी असते. तींतील तरंगती डबी वर आली, कीं एक सुई पेट्रोलाची वाट बंद करते. फवाऱ्यानें मोटारीला बळ आलें, पण अजीर्णाचें बीजहि त्याच वेळीं पेरलें गेलें. सुईखालीं कचऱ्याचा एक कण अडकला, तरी कुंडी भरून वाहूं लागते.

त्या काळीं इंजिन हातानें फिरवावें लागे. 1908 सालीं निघालेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’ मोटारीपुढें उभें राहून एका हातानें रेडिएटरशेजारची चोकची तार ओढावयाची व दुसऱ्या हातानें दांडा फिरवावयाचा, असा परिपाठ होता. ठिणगी वेळेपूर्वीं पडली, तर दांडा उलटा फिरे आणि मनगट मोडे. म्हणून अंगठा दांड्याभोंवतीं न वेढतां बोटांच्याच बाजूस ठेवावा, असें शिकवीत. इंजिन पेट्रोलानें भिजलें, कीं दांडा वारंवार फिरवावा लागे आणि तितक्या वेळां मनगट पणास लागे. चार्ल्स केटरिंग यानें तयार केलेला विजेचा स्टार्टर 1912 च्या कॅडिलॅक मोटारींत आला, आणि 1919 पासून ‘मॉडेल टी’ लाहि तो घेतां येऊं लागला. मोटार चालविणें हें बळकट बाहूंच्या पुरुषाचेंच काम, ही समजूत ढळण्यास त्यानें मोठा हातभार लावला.

पण अजीर्ण मात्र त्यामुळें सोपें झालें. दांडा फिरविणारा दमून थांबे, आणि त्याचें थांबणें हेंच इंजिनाला औषध होई. कारण तेवढ्या अवधींत साचलेलें पेट्रोल उडून जाई. स्टार्टर दमत नाहीं. दमते ती बॅटरी. जाणत्या मेकॅनिकांनीं यावर जो उपाय रूढ केला, तो वरकरणीं उलटा वाटतो. चोक पूर्ण आंत ढकलावा, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून तसाच धरावा आणि मग स्टार्टर फिरवावा. असें केल्यानें हवेची वाट पूर्ण उघडते व जास्तीचें पेट्रोल वाहून जातें. ॲक्सिलरेटर पुनः पुन्हां दाबणें मात्र घातक. कारण अनेक कार्ब्युरेटरांत प्रत्येक दाबासरशीं एक लहानसा पंप आणखी पेट्रोल आंत सोडतो. एवढ्यानें न भागल्यास प्लग काढून पुसावे, किंवा दहा-पंधरा मिनिटें स्वस्थ बसावें.

हाच दोष आकाशांत प्राणांवर बेतला. 1940 सालीं ब्रिटिशांच्या स्पिटफायर व हरिकेन विमानांचें मर्लिन इंजिन, विमानानें एकाएकी नाक खालीं केलें, कीं अडखळे. प्रथम पेट्रोल तुटे आणि लगेच कार्ब्युरेटरांत त्याचा पूर येऊन इंजिन गुदमरे. जर्मन मेसरश्मिट विमानांत पेट्रोल पंपानें थेट सिलिंडरांत जाई. त्यामुळें तीं सूर मारून निसटत. फार्नबरो येथील बीअट्रिस शिलिंग या इंजिनिअर बाईंनीं 1941 च्या आरंभीं छिद्र असलेली धातूची एक लहान चकती सुचविली. पूर्ण शक्तीला लागेल तेवढेंच पेट्रोल तींतून जाई, अधिक नाहीं. पूर्ण इलाज नव्हे, पण वैमानिकांना तिनें मोठा दिलासा दिला.

मुंबईकरांना हें दुखणें परिचयाचें झालें तें कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार होणाऱ्या फियाटमुळें. पुढें ‘प्रीमियर पद्मिनी’ या नांवानें ती शहराची टॅक्सी बनली. पावसाळ्यांत विजेच्या तारांना ओल धरे, ठिणगी दुबळी होई; चालक मात्र पेट्रोलास दोष देऊन चोक ओढीत राही आणि अखेर धक्का मारणाऱ्यांस हांक घाली. 2023 च्या ऑक्टोबरअखेर ही टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली.

तोंपर्यंत नव्या मोटारींतून कार्ब्युरेटर केव्हांच गेला होता. 1967 सालीं फोक्सवॅगनच्या मोटारींत बॉश कंपनीची इलेक्ट्रॉनिक इंधन-फवारणी आली. भारतांतहि 2000 सालच्या सुमारास धुराचे नियम कडक होतांच मोटारींनीं तीच वाट धरली. आतां उष्णतामान मोजून पेट्रोल किती द्यावयाचें हें यंत्रच ठरवितें. तरीहि अनेक मोटारींत ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून स्टार्टर फिरविल्यास फवारा बंद राहतो व केवळ हवा आंत जाते. जुन्या मेकॅनिकाचें शहाणपण अशा रीतीनें नव्या यंत्राच्या स्मरणांत कोरलें गेलें आहे. अडलेल्या यंत्राला दर वेळीं अधिक द्यावयाचें नसतें. कांहीं वेळां हात आंखडून त्याला श्वास घेऊं देणें, हाच खरा उपाय असतो.