शंभर फुटांचे अंतर

वकिलातींवरील हल्ल्यांचा इतिहास चाळताना मी सर्वांत जास्त थबकलो तो नैरोबीपाशी. त्याचे कारण मृतांचा आकडा नव्हे. तिथे काय होऊ शकते, हे आधीच लिहून ठेवलेले होते.

एप्रिल १९८३ मध्ये बैरूतच्या अमेरिकन वकिलातीच्या दारात स्फोटकांनी भरलेले वाहन फुटले आणि ६३ माणसे गेली. पुढे अ‍ॅडमिरल बॉबी इनमन यांच्या समितीने १९८५ साली एक साधा, पण महागडा नियम सुचवला : वकिलात आणि रस्ता यांत किमान शंभर फूट मोकळी जागा हवी. स्फोटाचा जोर अंतराबरोबर झपाट्याने ओसरतो, एवढेच त्यामागचे शास्त्र.

नैरोबीची वकिलात मात्र मोई अ‍ॅव्हेन्यू आणि हैले सेलासी अ‍ॅव्हेन्यूच्या कोपऱ्यावर, ऐन गर्दीत रस्त्याला खेटून उभी होती. राजदूत प्रुडन्स बुशनेल नव्या इमारतीसाठी वॉशिंग्टनला वारंवार लिहीत होत्या. १९९७ साली एका माणसाने वकिलातीत येऊन ट्रकबाँबच्या कटाची खबरही दिली होती. पण वॉशिंग्टनच्या कागदांवर नैरोबीला असलेला दहशतवादाचा धोका ‘मध्यम’ होता आणि पैसा आधी ‘उच्च’ धोक्याच्या शहरांकडे जाई. माझ्या मते त्या इमारतीचे भवितव्य या एका शब्दाने ठरवले.

७ ऑगस्ट १९९८, शुक्रवार, सकाळचे साडेदहा वाजून गेलेले. ट्रक मागच्या फाटकाशी आला. तिथल्या केनियन पहारेकऱ्याकडे शस्त्र नव्हते. तरी त्याने फाटक उघडायला नकार दिला. आत कळवावे तर फोन लागेना, वायरलेसवर दुसऱ्याच कोणाचे बोलणे चाललेले. हल्लेखोरांपैकी एकाने मोठ्या आवाजाचा हातबाँब फेकला. तो आवाज ऐकून आसपासच्या कचेऱ्यांतली माणसे काय झाले ते पाहायला खिडक्यांशी धावली, आणि नेमका त्याच वेळी ट्रक फुटला. काचांनी कित्येकांचे डोळे गेले. शेजारची उफुंडी इमारत कोसळली. वकिलात पोखरली गेली, पण उभी राहिली.

मृत २१३. त्यांत अमेरिकन १२. बाकीचे जवळजवळ सगळे केनियन : वकिलातीतले कर्मचारी, शेजारच्या इमारतीत टंकलेखन वगैरे शिकणारी मुले, बसमधले प्रवासी, रस्त्याने चाललेली माणसे. ज्या देशाशी हल्लेखोरांचे वैर होते, त्याच्याशी यांतल्या बहुतेकांचा संबंध काय, तर त्या इमारतीवरून रोज जाणे-येणे. सुरक्षेच्या अहवालांत इमारत, कर्मचारी, कागदपत्रे यांचा हिशेब बारकाईने असतो. फाटकाबाहेरच्या फुटपाथचा मात्र क्वचितच.

अंतराचा नियम अखेर पाळला गेला. २००३ साली नवी वकिलात शहराच्या मध्यापासून दूर, गिगिरीत उघडली, भरपूर मोकळ्या जागेत. जुन्या कोपऱ्यावर आता स्मृतिउद्यान आहे. तिथल्या भिंतीवर मृतांची नावे कोरली आहेत, आणि रस्ता पूर्वीइतकाच गजबजलेला आहे.