बालाघाटचे सीताफळ आणि नावाची मालकी

सीताफळ म्हटले म्हणजे आपल्या मनापुढे सीतामाईचा वनवास उभा राहतो. शाळेत मीही पुष्कळ वर्षे मुलांना तसेच सांगत आलो. वनस्पतिशास्त्र मात्र सांगते की हे झाड मूळचे अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातले. पोर्तुगीजांबरोबर ते हिंदुस्थानात आले असे सामान्यतः मानतात. हा पाहुणा आमच्या बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या मुरमाड उतारांवर असा काही रुजला, की २०१६ साली बीडच्या सीताफळास भौगोलिक मानांकन मिळाले.

झाडाची मालकी बीडकडे आली, असा याचा अर्थ नव्हे. सीताफळ कोणीही लावावे, कोणीही विकावे. बाहेरच्या मालास बीडचे नाव मात्र लावता येणार नाही.

अशा मालकीकडे आपण पूर्वी फार निराळ्या दृष्टीने पाहत होतो. देशातील बहुतेक पेटंटे परकीयांच्या हाती आहेत, हे न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ च्या अहवालात दाखविले. त्यातून १९७० चा कायदा झाला. औषध आणि अन्न यांच्या प्रत्यक्ष द्रव्यावर पेटंट देणे बंद झाले. ते तयार करण्याच्या रीतीपुरतेच उरले. जपानने १९७६ पर्यंत आणि दक्षिण कोरियाने १९८७ पर्यंत औषधांबाबत हीच वाट धरली होती. उद्योगात मागाहून आलेल्याने आधी शिकून घ्यावे, हा त्यातला व्यवहार. मला तरी त्यात गैर दिसत नाही.

पुढे जागतिक व्यापार संघटनेच्या करारान्वये २००५ साली औषधांवरील पेटंटे आपणांस पुन्हा मान्य करावी लागली. दरम्यान १९९५ साली अमेरिकेत हळदीने जखम भरण्याच्या उपायावर पेटंट दिले गेले! डॉ. माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील आपल्या वैज्ञानिक संशोधन परिषदेने जुन्या ग्रंथांचे पुरावे पुढे केले, आणि १९९७ साली ते रद्द झाले. ज्या कायद्याची धास्ती होती, त्याचाच आसरा घेण्याची बुद्धी अशा प्रसंगांनी दिली. भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ साली झाला व २००३ पासून अमलात आला.

त्या कायद्यान्वये मानांकित नाव वापरू इच्छिणाऱ्या उत्पादकाने अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंद करावयाची असते. डोंगरातले रानफळ वेचून सडकेवर टोपली मांडणाऱ्या बाईच्या नावे ना बाग, ना सातबारा. नोंदवहीच्या कोणत्या रकान्यात तिला बसवावे? पाडाला आलेले सीताफळ दोन-तीन दिवसांत मऊ पडते; भाव ठरविण्यास तिच्यापाशी तेवढाच अवधी असतो.