न्गुगी वा थिओंगो
(५ जानेवारी १९३८ – २८ मे २०२५). केन्याचे कादंबरीकार, नाटककार व विचारवंत. जन्म लिमुरूजवळील कामिरीथू येथे. ‘वीप नॉट, चाइल्ड’ (१९६४) ह्या इंग्रजी कादंबरीने नाव झाले. पण त्यांच्या लेखनाला खरे वळण मिळाले ते गावातच. न्गुगी वा मिरी यांच्यासह लिहिलेले गिकुयू भाषेतील नाटक १९७७ मध्ये कामिरीथूच्या शेतकरी-कामगारांनी रंगभूमीवर आणले. सरकारने प्रयोग बंद पाडले आणि वर्षअखेरीस न्गुगींना खटल्याविना स्थानबद्ध केले. कामिटी तुरुंगात त्यांनी टॉयलेट पेपरवर गिकुयूतील आपली पहिली कादंबरी लिहिली. ज्या भाषेपायी कोठडी मिळाली, तीच त्यांनी कोठडीत जवळ केली, हे धैर्य असामान्यच. १९८२ पासून ते परागंदा होते. पुढे अमेरिकेत अध्यापन. ‘डीकॉलनायझिंग द माइंड’ (१९८६) हा आफ्रिकी भाषांतील लेखनाचा आग्रह धरणारा निबंधसंग्रह.